सातव्या कुपीतलं औषध

"औषधाच्या चाचणीतल्या बाकी सहा मुलांच्या टाचा टेकल्या. माझी छकुली अजून चवड्यांवरच चालते," आई म्हणाली. "औषध तिला लागू पडत नाही म्हणून सोमवारी तिचं नाव काढणार. मला वाटतं, औषध तिच्यापर्यंत पोचलंच नाही. की हा माझाच वेडेपणा?"

वहिनींनी फाइल पुढे ओढली. खासगी तपासाचं ऑफिस त्यांचं, धाकटा दीर मदतीला.

"बोट्युलिनम टॉक्सिन," दिराने वाचलं. "वहिनी, हे तर विष!"

"अगदी थोडं टोचलं की आखडलेला स्नायू सैल पडतो, भाऊजी."

फाइलची जुनी पानं चाचणी घेणाऱ्या संशोधक बाईंनी हाताने लिहिलेली होती. अक्षर पानागणिक बिघडत गेलेलं. शेवटची दोन पानं टाइप केलेली. खाली शेरा होता : 'प्रतिसाद नाही.'

संशोधन केंद्रातल्या स्टोअरवाल्या काकांनी दोघांना फ्रिज उघडून दाखवला.

"किल्ल्या दोनच. एक माझी, एक संशोधक बाईंची. कुपी एकही कमी नाही, हवं तर मोजा."

दिराने कुपी उजेडात धरली. "अहो, ही रिकामी आहे!"

"भरलेलीच आहे. तळाशी पुसट डाग असतो, तेवढंच औषध. चष्मा लावूनही मला कधी दिसत नाही."

नर्स घाबरलेली होती.

"इंजेक्शनं दिली तो माझा कामाचा दुसराच दिवस होता. एरवी बाई स्वतः औषध विरघळवायला कुपीत सलाईन घालतात म्हणे. त्या दिवशी मला घालायला सांगून त्या आत गेल्या. इंजेक्शनं दुसऱ्या डॉक्टरांनी दिली. सहा कुप्यांत सुई घुसताच सलाईन आपोआप ओढलं गेलं. सातवी हट्टी निघाली. जोर लावून दाबावं लागलं."

"ती छकुलीची?"

"हो. काही चुकलं का माझं?"

संशोधक बाई शांत होत्या. चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता. शिपायाने कागद आणला, त्यावर त्यांनी सहीचा शिक्का उमटवला. वहिनींनी फोन नंबर मागितला, तर दिराला म्हणाल्या, "तुम्हीच लिहून घ्या ना." छकुलीबद्दल एवढंच बोलल्या, "काहींना नाही लागू पडत."

बाहेर येताच दिराने कपाळ धरलं. "कुपी गेली नाही, कुलूप तुटलं नाही, नर्सने सगळं सारखंच केलं. मग गेलं काय? माझं डोकं पार चक्रावलंय, वहिनी."

"औषध गेलं. कुपी राहिली. सगळ्यांना बोलवा."

अर्ध्या तासात छकुलीची आई, काका आणि नर्स बाईंच्या खोलीत जमले.

"बंद कुपीत हवा नसते, म्हणून ती सलाईन ओढून घेते," वहिनी म्हणाल्या. "सातवीने ओढलं नाही, कारण ती आधीच कुणीतरी टोचली होती. औषध काढून कुपी परत ठेवली. रिकामी आणि भरलेली सारखीच दिसते."

"किल्ली माझ्याकडेही आहे," काका पुटपुटले.

"पण तुमच्या बोटांना काही झालेलं नाही, काका. लिहिताना बोटं आखडण्याचा विकार असतो, आणि त्यावर हेच औषध देतात. आधी अक्षर बिघडलं, मग लिहिणंच थांबलं. औषध स्वतःला टोचून घेतलं, ते जरा जास्त झालं, बोटं लुळी पडली. म्हणून शिक्का, म्हणून दोन तळव्यांत कप, म्हणून सलाईन घालायला नर्स. खरं ना, बाई?"

बाईंनी हात टेबलाखाली घेतले.

"केंद्राला कळलं असतं तर हातातली सुई काढून घेतली असती माझ्या," त्या म्हणाल्या. "सलाईन ओढत नसेल ती कुपी फेकून राखीव कुपी उघडायची, हा इथला नियम. मला वाटलं, नर्स फेकेल."

"मला कुणी सांगितलंच नाही!" नर्स रडवेली झाली.

"आणि त्या सहा मुलांच्या टाचा टेकल्यावर?" वहिनींनी विचारलं. "तेव्हा तुम्हाला कळलं होतं. तरी शेरा लिहिलात."

बाईंनी मान खाली घातली. "तो शेरा रद्द करते. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीलाही आजच कळवते."

रागवावं की सुटकेचा श्वास घ्यावा, हे आईला समजत नव्हतं.

"मग पुन्हा इंजेक्शन कधी?"

"दोन डोसांत तीन महिने जावे लागतात," बाई सवयीने म्हणाल्या.

"पण तिला पहिला डोस मिळालाच कुठे? महिने कुठून मोजायचे?"

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"नाही मोजायचे. उद्या घेऊन या तिला. इंजेक्शन दुसरे डॉक्टर देतील."