सातव्या खांबाचा रिपोर्ट

"बाई, इथे धोबीघाट आहे की लॅब?"

दोरीवरच्या ओल्या रजिस्टरांना चिमटे लावता लावता मी वळले. फाटकापाशी एक जण उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पुढ्यातल्या हातगाडीत काँक्रीटचे तीन ठोकळे.

"लॅबच आहे. वादळाने आंघोळ घातलीये," मी म्हणाले. "आणि बाई कोणाला म्हणता?"

"मग... ताई म्हणू?"

"मॅडम म्हणा."

"बरं झालं," तो हसला. "ताई म्हणायचं जिवावर आलं होतं."

तो पूल बांधायला आलेल्या कंपनीचा इंजिनिअर होता. चक्रीवादळाने खाडीवरचा पूल नेला होता, पाण्याची टाकी आडवी केली होती. पलीकडच्या मुलांना शाळेसाठी होडीशिवाय वाट नव्हती. पुलाचा एकेक खांब ओतला की त्याच काँक्रीटचे तीन ठोकळे लॅबच्या हौदात अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग आमच्या मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती भार सोसला तो आकडा मी लिहायचा. आकडा कमी आला तर खांब नापास.

आमचं मशीनही दीड दिवस पाण्यात होतं. मी ते स्वतः खोलून पुसलं, तेल घातलं, आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं! तपासणीच्या दाखल्याची मुदत कागदावर अजून पाच महिने होती. मी निर्धास्त झाले. कुठून ती अवदसा आठवली, असं आज वाटतं.

ठोकळे कोणाही मजुराबरोबर पाठवता आले असते, पण तो स्वतः यायचा. पावसात यायचा तेव्हा छत्री ठोकळ्यांवर धरलेली आणि स्वतः निथळत असायचा.

"ते तर पाण्यातच राहणारेत. छत्री त्यांना कशाला?" मी एकदा विचारलं.

"त्यांच्यावरचा नंबर पुसला गेला तर तुम्ही मला परत पाठवाल ना... आणि पुन्हा यायला निमित्त काय सांगू?"

मी मान खाली घालून नंबर लिहीत राहिले. कान मात्र तापले होते. घरी वहिनी रोज विचारायची, "काय, आज आला होता का ठोकळेवाला?" मी चिडले की ती आणखी हसायची.

एकदा माझ्या चष्म्यावर धूळ उडाली म्हणून त्याने तो काढून घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि परत देताना म्हणाला, "पूल झाला की तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"आत्ता नको. लोक म्हणतील, रिपोर्टसाठी विचारलं."

लोक म्हणतच होते. 'साहेबांचे ठोकळे पास होणारच, मॅडम घरच्याच आहेत,' असं मजूर कुजबुजायचे. मला ते फार लागलं. त्यात खांबागणिक आकडा थोडा थोडा उतरत होता. माझ्या मनात आलं, याचं लक्ष माझ्याकडे आणि काम वाऱ्यावर. मी फटकून वागायला लागले.

सातव्या खांबाचे तिन्ही ठोकळे नापास झाले.

तो मशीनच्या काट्याकडे बघत राहिला. "मशीन एकदा तपासून घ्याल?"

"माझ्या मशीनला काही झालेलं नाही."

"मग खांबातूनच तुकडा कापून बाहेर तपासायला पाठवू. तुम्ही रिपोर्टखाली तेवढी शिफारस लिहा. एक ओळ..."

दाराशी त्याचे मजूर कान टवकारून उभे होते. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिफारस करायला मी तुमची कोण?"

त्याचा चेहरा उतरला. "खरंय," तो म्हणाला. "कोणी नाही."

रिपोर्ट गेला. खांब पाडायचा हुकूम आला आणि कंपनीने त्याला साइटवरून उचलून दूरच्या गोदामात बसवलं.

खांब तीन दिवसांत पडायला हवा होता. अकरा दिवस झाले तरी खाडीवरून फोडण्याचा आवाज येतच होता. बाराव्या दिवशी खांब फोडणाऱ्या मजुरांचे मुकादमकाका आले आणि मोडक्या छिन्न्यांचा ढीग त्यांनी माझ्या टेबलावर ओतला.

"मॅडम, बत्तीस वर्षं काँक्रीट फोडतोय," ते म्हणाले. "कच्चं काँक्रीट छिन्न्या मोडत नाही."

मशीन तपासणारा माणूस होडीने आला. आत गंज चढत गेला होता, काटा चौथा हिस्सा कमी दाखवत होता. मी त्याच दिवशी कंपनीला आणि माझ्या वरिष्ठांना लिहिलं, की चूक माझी आहे, इंजिनिअरची नाही. वरातीमागून घोडं!

दोन आठवड्यांनी तो सामान न्यायला आला. कंपनीने त्याला दुसऱ्या किनाऱ्यावरचा पूल दिला होता. मी धावत धक्क्यावर गेले.

"तुमचं पत्र वाचलं," तो म्हणाला. "नोकरी धोक्यात घातलीत."

"ताकीद मिळाली फक्त. मला माफ करा..."

"मशीन बिघडलं, त्याला तुम्ही काय करणार?"

"मशीनचं नाही म्हणत मी! तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून ती ओळ लिहिली नाही. लोकांना घाबरले... आणि मला तुम्ही आवडता. फार दिवसांपासून."

होडीवाल्याने इंजिन सुरू केलं. त्याने सामान होडीत ठेवलं.

"गोदामात रोज वाटायचं, तुमचा फोन येईल," तो हळूच म्हणाला. "रिपोर्टबद्दल नाही. नुसता... कसे आहात, विचारायला. तीन आठवडे वाट पाहिली. मग थांबलो."

"आता विचारा ना, जे विचारणार होतात ते."

"आता विचारावंसं वाटत नाही हो, मॅडम." तो रागावलाही नव्हता. तो रागावला असता तर मी भांडले तरी असते. होडी वळली, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

नवा इंजिनिअर आला. महिनाभराने, दुरुस्त केलेल्या मशीनवर, त्याचे ठोकळे थोडक्यात नापास झाले. "मॅडम, खांबातून तुकडा काढून बघू या का?" त्याने विचारलं. मी पेन उचलून रिपोर्टखाली शिफारस लिहिली, सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

तो आभार मानून गेला. मी दार लावून घेतलं आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून पोटभर रडले.