बोअर वाढवली

जिल्ह्याचं नाव बदलून बरेच दिवस झाले, तरी ऑफिसच्या जीपवर अजून जुनंच होतं. रंगारी बोलवायचा तर त्यालाही वरून मंजुरी लागते, आणि वरून हल्ली फक्त बंदचे आदेश येत.

त्या जीपमध्ये पुढे तमन्ना शेख बसली होती. सरकारच्या भूजल आणि हवामान निरीक्षण कार्यक्रमात ती भूवैज्ञानिक होती, आणि पारनेर तालुक्यातल्या निरीक्षण बोअरी तिच्याकडे होत्या. ही बोअर पाणी उपसायची नसते. जमिनीत खोल भोक, त्यात लोखंडी पाइप, आणि पाइपात सोडलेलं एक यंत्र. ते बिचारं पाण्याची पातळी मोजतं आणि नगरला कळवतं. एवढी गरीब गाय, पण यंदा तिनं पुढाऱ्यांना शिंग मारलं होतं. जिल्हा टँकरमुक्त झाल्याची घोषणा झाली, फेटे बांधून सत्कार झाले, आणि त्याच आठवड्यात विरोधकांनी सभागृहात ह्याच बोअरींचे आकडे वाचून दाखवले. पाणी खाली गेलं होतं आणि जातच होतं. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. कार्यक्रमाचा निधी गोठला, गावोगावचे हवामानाचे खांब उतरवले गेले, निम्मी माणसं दुसऱ्या खात्यांत धाडली. उरल्या होत्या बोअरी. यंत्र काढा आणि तोंडाला टोपण ठोका, असा निरोप होता.

चिंचमाळची बोअर शेवटची.

"बेटा, हे झालं की तुझी नोकरी काय?" ड्रायव्हर गनीभाईंनी विचारलं. ते सावेडीत तिच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळे असले प्रश्न त्यांना चालत.

"बघू," तमन्ना म्हणाली. नोकरीपेक्षा तिला चिंचमाळला तोंड दाखवायचं जिवावर आलं होतं. हिवरे बाजारचं बघून ह्या गावानंही नियम केला होता. पावसाळा सरला की ग्रामसभेत बोअरची पातळी वाचायची, आणि मगच कुणी किती कांदा लावायचा ते ठरवायचं. आता ते काय वाचणार होते?

बोअर सहादेव ठुबे यांच्या रानात होती. शेजारीच त्यांची बांधलेली विहीर, मधे एक लिंबाचं झाड, पलीकडे अंगण आणि घर. जीप थांबली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सहादेवकाका कुठं दिसेनात. त्यांची बायको साळूबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

"रामराम, मॅडम!" आवाज विहिरीतून आला.

तमन्नानं वाकून पाहिलं. तळाशी काका फावडं घेऊन उभे होते. कमरेला दोर, दोराचं वरचं टोक कप्पीवरून लिंबाच्या बुंध्याला बांधलेलं.

"काका, खाली काय करताय?"

"गाळ काढतुया. पानी न्हाई तवरच जमतंय हे. पानी आल्याव कोन उतरतंय?"

"सकाळधरनं खालीच हायेत," साळूबाई म्हणाली. "सांगून ऐकतंय कोन!"

गनीभाईंनी बोअरचं टोपण काढलं. तमन्नानं शेवटची पातळी पाहिली. चाळीस मीटरच्याही खाली. मग दोघांनी केबल ओढून यंत्र वर घेतलं. हातभर लांबीची स्टीलची नळी, जीपच्या मागच्या सीटवर ठेवली तर कुणाला ती सायकलचा पंप वाटावी.

साळूबाई घरात जाऊन नारळ आणि हळदकुंकू घेऊन आली. "बसवली तवा पूजा केल्ती. जाताना नको का?" पाइपाशेजारच्या दगडावर तिनं नारळ वाढवला. मग तमन्नाकडे वळून म्हणाली, "आन् बंद केली म्हनू नका बरं. पान्याच्या तोंडाव असं बोलू ने. वाढवली म्हना. आपुन दिवा न्हाई का वाढवीत, तसं."

तमन्नाला हसू आलं. "म्हणते की. आमच्या अम्मीचं बांगड्यांचं दुकान आहे, मावशी. गिऱ्हाइकाची बांगडी फुटली म्हटलं तर डोळे वटारते. वाढवली म्हण, म्हणते."

"शानी हाय तुमची आई. म्हना मग. तिच्याकडं बगून म्हना."

तमन्ना गुडघ्यावर बसली. विज्ञानाची पदवी, दहा जणांत भाषण द्यायची सवय, आणि इथं ती पाइपाच्या तोंडाशी वाकून हळूच म्हणाली, "बाई, तुला वाढवली."

रिकाम्या पाइपात बोललं की आवाज घुमून परत येतो. तो आला नाही. तिला ते खटकलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

नगरहून पठारे साहेब होते. "झालं का चिंचमाळचं?"

"हो साहेब. वाढवली."

"वाढली? किती वाढली?"

"वाढली नाही, साहेब. वाढवली. दिवा वाढवतात तसली."

पलीकडे साहेब हसले. "मला वाटलं पातळीच वाढली. तसं असतं ना, तर मंत्र्यांनी तुलाही फेटा बांधला असता. बरं, टेप सोडून पातळीचा एक फोटो काढ आणि पाठव. फायलीला लागेल. मग टोपण लाव."

टेप म्हणजे रिळावर गुंडाळलेली लांब मोजपट्टी. तिचं धातूचं टोक पाण्याला लागलं की रीळ पीं करून ओरडतं. तमन्नानं टोक पाइपात सोडलं आणि रीळ फिरवत राहिली. चाळीसपर्यंत बराच वेळ जाणार होता. गनीभाईंनी तंबाखू काढली.

टेप तिसाच्या अलीकडेच ओरडली.

ओल धरली असेल पाइपानं, तिनं मनाशी म्हटलं. टोक वर ओढलं. ते कोरडं होतं, वर जराशी धूळही होती. ओढणीनं पुसून तिनं ते पुन्हा सोडलं. आता टेप त्याहूनही वर ओरडली. पुन्हा ओढलं. पुन्हा कोरडं.

"मावशी, तांब्याभर पाणी देता?"

तांब्यात टोक बुडवलं की टेप ओरडायची. बाहेर काढलं की गप्प. टेपमध्ये खोट नव्हती. तिनं तिसऱ्यांदा सोडलं. वीस मीटर. सवयीनं तिनं फोटो काढला आणि साहेबांना पाठवूनही दिला. 

"बेटा, पाणी चढतंय का?" गनीभाईंनी विचारलं.

"चढत असतं तर टोक ओलं आलं असतं, चाचा."

"मग काय चढतंय?"

 तिला माहीत होतं ते इतकंच की बोअर आणि विहीर एकाच खडकात होत्या, दोघींना भेगा त्याच. बोअर नवी होती तेव्हा चाचणीपुरतं तिचं पाणी उपसलं होतं, आणि विहिरीचं पाणीही बरोबरीनं उतरलं होतं. जे बोअरमध्ये चढतं ते विहिरीतही चढणार. आणि विहिरीचा तळ होता पंधरा मीटरवर.

ती कठड्याकडे धावली. "काका! पायाखाली ओल आहे का?"

"कुटली वल? कोरडं ठाक हाय. धुरळा उडतुया निस्ता."

फावड्याचा आवाज चालू होता. खर्र, खर्र.

तिनं परत येऊन टेप सोडली. चौदा.

"काका, वर या. लगेच."

"एवडी पाटी भरतु आन् येतु."

"पाटी राहू द्या, काका! मी सांगते म्हणून या!"

खालून जरा वेळानं उत्तर आलं. "पायांना गार लागतंय हो, मॅडम. झकास वाटतंय उनाचं."

साळूबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं दोराला हात घातला, पण ओढला नाही. ती फक्त खाली बघत राहिली. तमन्नाही वाकली.

ऊन सरळ डोक्यावर होतं, त्यामुळे तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं. पांढरा कोरडा गाळ. त्यात काकांच्या पावलांचे ठसे. काका वाकून फावडं मारत होते, पण सावकाश, एकेक फावडं जड झाल्यागत. आणि फावड्यानं उडालेली धूळ खाली बसत नव्हती. ती वर उठून तिथंच राहत होती, हळूहळू बाजूला सरकत होती. काकांच्या सदऱ्याचं टोक वर आलं होतं आणि आपोआप हलत होतं. वारा नव्हता.

खर्र आवाज आता येत नव्हता. फावडं मात्र चालूच होतं.

मागं गनीभाईंनी टेप सोडली होती. "बारा," ते म्हणाले. मग म्हणाले, "अकरा. बेटा, मी रीळ फिरवत नाहीये. टोक वर ओढतोय, तरी ओरडतंय."

काकांनी मान वर केली. तोंड हललं. शब्द आले ते उशिरा, आणि त्यांतला एकही कळला नाही.

 बी.एस्सी.पासून शिकलेलं सगळं तमन्नाच्या डोक्यातून निघून गेलं आणि एकच शब्द उरला, तिनंच पाइपात उच्चारलेला. ती पाइपाकडे धावली आणि तोंड लावून ओरडली.

"बंद! ऐकतेस का? बंद केली! बंद!"

साळूबाईनं मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! मालक खाली हायेत माजे! असं बोलू ने!"

विहिरीतला काकांचा आवाजही थांबला.

टेप ओरडतच होती.

तिघांनी दोर धरला. गनीभाई पुढे, मधे साळूबाई, मागे तमन्ना. पाय रोवून तिघांनी एकदम जोर लावला आणि तिघंही मागच्या मागे पडता पडता वाचली.

दोर हलका होता.

"सुटले का?" गनीभाई ओरडले.

"न्हाई," साळूबाई म्हणाली. "हायेत. हाताला लागत्यात." ती भराभरा दोर ओढू लागली. तिला आता कुणाची मदत लागत नव्हती. "घागर पान्यात असती तवर हलकी लागती. वर आली की जड हुती. आता जड व्हत्याल. आता व्हत्याल."

दोर वर येत राहिला.

"आता व्हत्याल."

काकांचं डोकं कठड्याशी आलं. मग खांदे. एकट्या साळूबाईनं त्यांना बखोटीला धरून कठड्याबाहेर घेतलं, लहान पोर कडेवर घ्यावं तसं.

ते काही जड झाले नाहीत.

तिनं त्यांना लिंबाखाली बसवलं. ते जिवंत होते. डोळे उघडे होते, छातीही वरखाली होत होती. तमन्नाला एकदम रडू कोसळलं. ती त्यांच्या पायाशीच बसली आणि अल्लाचे आभार मानत राहिली. गनीभाई टोपी काढून घाम पुसत होते. साळूबाई पदरानं नवऱ्याचं डोकं पुसत होती. केस कोरडे होते, सदरा कोरडा होता, तरी ती पुसतच होती.

तमन्नानं काकांचा हात हातात घेतला. बोटं पांढरीफटक पडली होती आणि टोकांना सुरकुत्या आल्या होत्या. दिवसभर ओढ्यावर धुणं धुतलेल्या बाईची होतात तशी.

फोन वाजला. साहेबांचा मेसेज होता.

"वीस मीटर! वर कळवलं, सगळे खूश. बाकीच्या बोअरींपुढेही बंदऐवजी वाढवली असंच लिहिलं. खोटंही नाही, खरंही नाही. सही करून पाठवलं. अभिनंदन."

तिनं ते दोनदा वाचलं. तालुक्यातल्या साऱ्या बोअरी तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांच्या शेजारच्या विहिरी, आणि त्या विहिरींत उतरलेली माणसं. वैशाखात सगळीकडेच गाळ काढायचं काम चालू असतं. तिनं साहेबांना फोन लावला. तिकडे कुणी उचलेना.

टेपचं टोक गनीभाईंनी पाइपाबाहेर काढून मातीत टाकून दिलं होतं. ते कोरड्या मातीत पडलं होतं, तरी रीळ अजून ओरडत होतं. गनीभाईंनी ते उचलून जीपच्या चाकावर ठेवलं. ओरडायचं थांबलं नाही. मग त्यांनी ते बॉनेटवर ठेवलं, आणि रीळ गप्प झालं.

सहादेवकाकांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग रानाकडे, गोठ्याकडे, घराकडे पाहिलं.

"पानी कवा वसरलं?" त्यांनी विचारलं.

 साळूबाईनं लुगडं दोन्ही हातांनी गुडघ्याच्या वर धरलं, आणि कोरड्या अंगणातून ती पाय रेटत, सावकाश, घराकडे चालू लागली.