तिसऱ्या नंबरचा पिस्टन

गिऱ्हाईकाचा मिस्त्रीवर भरवसा नसतो, म्हणून काढलेले जुने पार्ट आम्ही खोक्यात भरून परत देतो. काही जण तर जुना प्लगसुद्धा मागून नेतात. घरी नेऊन त्याचं लोणचं घालतात की काय, कोण जाणे. चुन्नीलाल पटले हे एकच गिऱ्हाईक असं, की त्यांनी गाडी ट्रकवरून उतरायच्या आधीच सांगून टाकलं, "मिस्त्री, जुने पार्ट मले नोको."

हे २००७ मधलं. फुलचूरला रस्त्याला लागूनच माझं गॅरेज आहे. गाडी देवरीकडून आली होती. दोन सीटांची, उघड्या टपाची, पिवळी विलायती गाडी. पटलेकाकांच्या मुलाने, हेमेंद्रने, ती नागपूरहून हौसेने जुनीच घेतली होती. दोन वर्षांपूर्वी तो धानाच्या बांध्यांजवळ, रस्त्याच्या कडेला, याच गाडीत बसलेला सापडला. इंजिन चालू होतं आणि त्याचं हृदय बंद पडलं होतं. जन्मापासूनच ते अधू होतं, एवढं काकांनी सांगितलं.

"इंजिनातून आवाज येऊन राहिला. तेवढा गेला पाहिजे."

त्यांची बायको, सुखवंताकाकू, बॉनेटवर हात ठेवून उभी होती. "कायले काढता? राहू द्या न तो आवाज," ती म्हणाली.

"तू चूप बस," काका म्हणाले.

आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हाच घरातून भूतखेत बाहेर गेलं. इंजिन वाजतं ते झिजल्यामुळे, असं मी मानतो. आजही मानायला मला आवडेल.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आमचा स्टेथोस्कोप तोच. आवाज लगेच सापडला. दोन भरीव ठोके, जरा दम, मग एक कच्चा ठोका. पुन्हा दोन, पुन्हा दम, पुन्हा कच्चा. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसऱ्या नंबरची काढल्यावर आवाज दबला. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं तर कॉम्प्रेशन चढलं. म्हणजे रिंगा गेल्या, पिस्टन ढिला झाला. सरळ केस होती.

फक्त एक गोष्ट जुळेना. रेस वाढवली की ठोके जलद व्हायला पाहिजेत. मी रेस दिली, गॅरेजचे पत्रे थरथरले, आणि ठोके आपल्या चालीनेच पडत राहिले. दोन, दम, एक.

मी इंजिन बंद केलं. स्क्रूड्रायव्हर कानालाच होता.

दोन, दम, एक.

गरम लोखंड निवताना वाजतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि चहा प्यायला गेलो.

इंजिन खोललं. चारातले तीन पिस्टन वयाप्रमाणे झिजलेले होते. तिसऱ्याची झीज मी याआधी कधी पाहिली नव्हती. बाहेरून त्याला ओरखडाही नव्हता, आतली पोकळ बाजू मात्र घासून गुळगुळीत झाली होती. आत घासायला काहीच नसतं. ब्लॉक नागपूरला बोअर करून आणला, नवे पिस्टन मापात बसवले, हेड आवळलं. जुने पार्ट खोक्यात टाकले.

तिसरा पिस्टन टाकवेना. एवढा सुंदर चकाकत होता. आमच्या धंद्यात जुन्या पिस्टनची राखदाणी करतात. मी बिडी ओढत नाही. उलटा ठेवला की पोकळीत मेणबत्ती बरोबर बसते, म्हणून तो घरी नेला आणि बुद्धाच्या मूर्तीसमोर ठेवला. रचनाला, माझ्या बायकोला, तो फार आवडला. तिला सातवा महिना होता. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून आम्ही दोघं त्या दिवसांत मोठ्याने हसायलाही भीत होतो. संध्याकाळी वंदना झाली की ती त्या मेणबत्तीजवळच पाय लांब करून बसायची.

गाडी न्यायला काका-काकू आले. इंजिन शिलाई मशीनपेक्षा हळू आवाजात चालत होतं. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला. काकूने बॉनेटला कान लावला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग ती मोठ्याने रडायला लागली.

"नाही आहे जी. काढला त्यायनं."

रडत रडत ती कोपऱ्यातल्या खोक्यापाशी गेली. एकेक जुना पिस्टन उचलून कानाला लावायची आणि खाली ठेवायची. पहिला. दुसरा. चौथा.

"यात नाही," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "कुठं नेला, बाबू?"

काकांनी तिला धरून गाडीत बसवलं.

त्या संध्याकाळी घरी पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती. मेणबत्तीची ज्योत दोनदा दबली, थांबली, आणि एकदा हलकीच दबली. मी गॅरेजमधून स्क्रूड्रायव्हर आणला आणि पिस्टनला टेकवून ऐकलं. काही नाही. टेबलाला लावला, भिंतीला लावला. कुठेच काही नाही.

"काय जी, घराचं बी इंजिन खोलता का आता?" रचना हसून म्हणाली. मीही हसलो. एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, दुसरं काय.

दोन दिवसांनी, दुपारी, उपकेंद्राच्या नर्स देवकाबाई तपासायला आल्या. त्यांनी लाकडी नळी रचनाच्या पोटावर ठेवली आणि कान लावला. त्यांना नळीला कान लावून वाकलेलं पाहताच मला बॉनेटवर वाकलेली काकू आठवली.

"ठोका जोरदार आहे," त्या म्हणाल्या. रचनाचा चेहरा उजळला. "पण मधातच अडखळते. आता पाहा, असा." आणि ऐकता ऐकता त्यांनी रचनाच्या मनगटावर बोटाने ताल धरला.

दोन. दम. एक.

"मागच्या खेपेला नव्हतं असं," देवकाबाई पुटपुटल्या. "मोठ्या डॉक्टरले दाखवून घ्या. उशीर नोका करू."

मी मेणबत्ती उपटून फेकली, पिस्टन उचलला आणि सायकलवर नाल्याकडे पळालो. कधी नव्हे ते सगळ्या देवांची नावं घेत होतो. पिस्टन हाताला साधाच लागला. थंड, हलका, रिकामा.

रिकामा आहे हे मला तेव्हाच कळलं, तरी मी तो पाण्यात फेकला.

परत आलो तेव्हा दारात पिवळी गाडी उभी होती. मी तिच्याजवळून गेलो तरी इंजिन चालू असल्याचं मला कळलं नाही, इतकं ते शांत चालत होतं. चुन्नीलालकाका स्टेअरिंग धरून समोर बघत बसले होते. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

माझं घर त्यांना कोणी दाखवलं?

देवकाबाई निघून गेल्या होत्या. रचना खाटेवर बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर बसून सुखवंताकाकूने तिच्या पोटाला कान लावला होता. डोळे मिटलेले. ओठांवर हसू.

"देवरीहून आल्या म्हणे, तुमच्या ओळखीच्या," रचना लाजून म्हणाली. "ऐकून राहिल्या."

"काकू, उठा," मी म्हणालो.

तिने डोळे उघडले. कान तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"मिस्त्री," ती अगदी हळू म्हणाली, "आता काही खोलू नोका."