आखणी बाकी

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात सुजय आमच्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात आला. रोह्याच्या एका कंपनीत तो कामाला होता, आणि तिथल्या मंडळाची मूर्ती ठरवायला त्याला पाठवलं होतं. नेमका बिनडोळ्यांच्या गणपतीपाशी थांबला.

"ही ब्लँकच हाय अजून?"

इंग्रजीपायी माझी दहावी दोनदा गेली होती. ब्लँक म्हटलं की मला गाळलेल्या जागाच आठवायच्या!

"आखणी बाकी हाय," मी फणकारले. "डोळे शेवटी काढतात. रविवारी या."

आखणी घरात मीच करायची. डोळे काढताना तोंड उघडायचं नाही, हा आमचा नेम. बोलताना हात हलला, तर देवाची नजर चुकते.

तो रविवारी आला... मी म्हटलं, बाकी हाय. पाच रविवार हेच सांगितलं. अर्ध्या तासाचं तर काम, पण डोळे काढले की मूर्ती जाणार, आणि तिच्याबरोबर तोही. त्यानेही कधी घाई केली नाही. रंगाच्या डब्यांपाशी बसून शिकवायचा — कोरी कॅसेट ब्लँक, फोनवर कुणी बोललं नाही तर तो ब्लँक कॉल.

"आणि तुमच्यासमोर माझं डोकं... तेही ब्लँक."

हसू लपवायला मी ब्रश धुवायला उठले.

मग वडखळचं स्थळ आलं. चतुर्थी झाली की बाबा होकार कळवणार होते. मी रामवाडीच्या बूथवरून कंपनीत फोन लावला. त्याचं "हॅलो" ऐकलं आणि शब्दच फुटेना.

"नमिता...? रविवारी येतो. तोवर डोळे काढू नका."

रविवार आला, सुजयही आला. उद्या चतुर्थी. आता टाळता येणार नव्हतं. एक डोळा झाला, दुसरा अर्ध्यावर होता, तेवढ्यात सुजय बाबांना म्हणाला, "काका, मला नमिताशी लग्न करायचं हाय. तिची मर्जी असेल तर."

उत्तर ओठांवर होतं. हात मात्र हलू द्यायचा नव्हता. मी गप्पच राहिले. सुजयचा चेहरा पडला, तो चपला शोधू लागला.

"बस रे," बाबा म्हणाले. "डोळे काढताना ती बोलत नाय. आणि पाच रविवार ही आखणी का र्‍हायली, ते मला कळत नाय व्हय?"

मी शेवटचा ठिपका दिला, ब्रश खाली ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "वडखळला 'नाय' म्हणून कळवा."