दाराच्या डाव्या हाताला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या, ग्यार्तोच्या घरी घडलेली आहे, आणि शेवटच्या दिवशी मी स्वतः तिथं होतो.

जावा बेटावर, क्लातेनजवळचं आमचं गाव. भाताची कापणी झालेली.

ग्यार्तो घरातच गाणी रेकॉर्ड करायचा. लग्नांत गाणाऱ्या बायका त्याच्याकडे यायच्या. त्यासाठी त्यानं पुढची खोली बंद करून घेतली होती. जुनं दार विटांनी बुजवलं, नवं दार बाजूला पाडलं, भिंतींना गाद्या ठोकल्या. आत त्याचा कॉम्प्युटर. त्याला तो असा जपायचा की विचारू नका. दर रविवारी उघडून ब्लोअर मारणार, पंख्यातली धूळ ब्रशनं काढणार, खोलीत चहासुद्धा नेऊ देणार नाही.

"माझे एवढे लाड कधी केले नाहीत यानं," त्याची बायको वुलान म्हणायची.

खरा जीव मात्र पोरीवर. किनासिह, सहा वर्षांची, एकुलती एक. दिवसभर तिची टकळी चालू. ती बोलायची थांबली की घर खायला उठायचं.

आता दुखणं काय होतं, तर वीज. रेकॉर्डिंगमध्ये सारखी घूंऽऽ अशी घरघर यायची. स्टॅबिलायझर बसवला, यूपीएस बसवला, वायरी बदलल्या. घरघर काही हटेना. ग्यार्तो मुळातच संशयी. दुधात पाणी कुणी घातलं हे गाईलाच विचारेल, असा माणूस. त्यानं सगळं खापर शेजारच्या पाक मुल्योतोवर फोडलं. पाक म्हणजे आमच्याकडं काका. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं.

"तुम्ही तिकडं ठिणग्या पाडता, पाक, आणि इकडं माझ्या गाण्यात माशी शिरते."

"नाचता येईना अंगण वाकडं," मुल्योतो म्हणाला. "आधी तुझं अर्थिंग बघ."

शब्द लागला. पण पटला. दुसऱ्याच दिवशी ग्यार्तोनं कार्डी वायरमनला बोलावलं. तांब्याचा लांब रॉड आणला.

"ओल कुठं आहे, मास?" कार्डीनं विचारलं. "ओल असेल तिथंच अर्थिंग चांगलं लागतं."

बुजवलेल्या दाराच्या बाहेर, केळीपाशी, जमीन भुसभुशीत होती. तिथं रॉड ठोकायला घेतला.

अर्ध्यात गेला आणि...

खट्.

काहीतरी फुटलं.

"खापर असेल," कार्डी म्हणाला आणि घाव घालत राहिला.

वायर जोडली. घरघर गेली. अशी शांतता त्या खोलीत कधी नव्हती. ग्यार्तोला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच संध्याकाळी किनासिहचा घसा बसला.

"बर्फ घालून चहा ढोसते, दुसरं काय होणार," वुलान म्हणाली.

दोन दिवसांनी बू पार्येम गायला आली. बू म्हणजे काकू. जुनी गायिका, तोंडानं फटकळ. पहिलंच गाणं झालं आणि तिनं कानावरचा हेडफोन काढला.

"ग्यार्तो, कोण पोरगी गातेय माझ्या मागं?"

"कुणी नाही."

"मला बहिरी समजतोस काय?"

ग्यार्तोनं रेकॉर्डिंग लावलं.

बू पार्येमचा आवाज. आणि त्याच्या मागून, अगदी बारीक... एक मूल गुणगुणत होतं. मागाहून. शिकत असल्यासारखं.

त्याला वाटलं, किनासिहच लपून आत येते. खोलीला कुलूप लावलं. आवाज येतच राहिला. मग वाटलं, मुल्योतोनं सूड म्हणून आपली वायर कुठंतरी जोडून ठेवली. ग्यार्तो भांडायला गेला. भर रस्त्यात दोघांची जुंपली.

"मला नातवंडं आहेत रे," मुल्योतो शेवटी म्हणाला. "पोराच्या आवाजाचे असले खेळ मी करीन का?"

तोवर किनासिहचा आवाज पूर्ण गेला होता. नुसते ओठ हलायचे. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. घसा स्वच्छ होता.

शुक्रवारी दुपारी मुल्योतो मशिदीत नमाजाला गेलेला. वेल्डिंग बंद. सगळी गल्ली चिडीचूप. ग्यार्तो किनासिहला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरपुढं बसला. मुद्दाम माइकची वायर काढून टाकली. म्हणजे आत काहीच जायला नको.

पडद्यावरची हिरवी रेघ आधी सरळ होती.

मग थरथरली...

ग्यार्तोनं हेडफोन लावला.

"बाबा."

किनासिहचा आवाज. तिचाच. आणि किनासिह तर त्याच्या मांडीवर बसलेली. तोंड मिटून.

त्यानं झटक्यात अर्थिंगची वायर उपटली. कानातला आवाज तुटला. पण मांडीवरची पोर घसा धरून तडफडू लागली. त्यानं कशीबशी वायर परत जोडली, तेव्हा तिला श्वास आला.

आता वायर ठेवायचीही सोय नाही, काढायचीही सोय नाही. त्यानं मला फोन केला. मी आईला घेऊन निघालो. माझी आई म्हणजे त्याची बुदे, थोरली मावशी.

आई घरात शिरलीच नाही. अंगणात उभी राहून बुजवलेल्या दाराकडं बघू लागली. मग केळीकडं. मग रॉडकडं.

"किनासिहची वार कुठं पुरली होती?"

ग्यार्तो गोंधळला. बाळंतपणात पडलेली वार बापानं पुरायची असते. पण पोर झाली तेव्हा तो कामाला दूर, समुद्रापलीकडं कालिमंतानात होता. त्याच्या वडिलांनी पुरली, आणि ते आता नव्हते.

"मडक्यात घालून पुरली," आई म्हणाली. "वर दिवा मीच ठेवला होता. मुलीची वार दाराच्या डाव्या हाताला."

"नव्या दाराच्या डावीकडं तर काही नाही, बुदे."

"तेव्हा कुठं होतं रे नवं दार?"

ग्यार्तोची नजर बुजवलेल्या दारावर गेली.

"वार म्हणजे हिचं धाकटं भावंड," आई हळूच म्हणाली. "हिच्याबरोबर जन्मलेलं. बाहेर राहून जन्मभर हिची राखण करतं. त्याच्या डोक्यात खिळा ठोकलास, ग्यार्तो."

आईनं रॉडपाशी बसून हात जोडले, बराच वेळ पुटपुटली आणि मग काढा म्हणाली. ग्यार्तोनं आणि मी मिळून रॉड उपटला. टोकाला मडक्याचा तुकडा अडकला होता. आईनं खापरं वेचून नव्या मडक्यात ठेवली, फुलं घातली, माती लोटली, वर टोपली पालथी घातली आणि आत दिवा लावला. मशिदीत मगरिबची बांग सुरू झाली.

ओसरीवर वुलानच्या मांडीत किनासिह बसली होती.

"बाबा," ती म्हणाली.

खणखणीत आवाज. वुलान हमसून हमसून रडली. ग्यार्तोनं धावत जाऊन पोरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पोरीनं त्याच्या खांद्यावरून दिव्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ताई बाहेरच राहिली," ती म्हणाली. "तिला थंडी वाजत असेल."

"कोण ताई, बाळा?"

"माझी ताई."

एकुलती एक पोर. तिला ताई कुठली? मी आईकडं पाहिलं. तिच्या हातातलं तेल जमिनीवर सांडत होतं.

बाहेर होतं ते धाकटं. ताई म्हणायचं तर ते धाकट्यानंच. मग ग्यार्तोच्या कडेवर कोण?

त्याला आता वर्ष होऊन गेलं. घरघर परत आली, ग्यार्तोनं ती चालवून घेतली. पोर शाळेत जाते, खाते, पिते, बोलते. फक्त तो दिवा रोज तिन्हीसांजेला तीच लावते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दिवा लावून टोपलीशी काहीबाही बोलत बसते. मला पाहिलं की हाक मारते, मीही ओ देतो. पण जवळ घ्यायला माझा हात धजत नाही.

परवा मी ग्यार्तोला म्हटलं, रॉड ठोकायच्या आधीचं पोरीचं एखादं गाणं कॉम्प्युटरमध्ये असेल की. आवाज ताडून बघ एकदा, म्हणजे मनातली पाल तरी गप्प बसेल.

"आहे ना," तो म्हणाला. "जपून ठेवलंय."

"मग लावून बघितलं नाहीस?"

तो अंगणाकडं बघत राहिला. पोर दिव्यापाशी बसली होती.

"आणि नाही जुळला तर? हिला मी कुठं ठेवू?"