लडकूची दोन वल्ही

लाईट गेलीय, लूम थांबलेत, तोवर ऐका. मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर मी सरळ झोपायला जाईन.

लडकू माझा साडू, खारबावचा. त्याने स्वतः सांगितलेलं सांगतो. अठ्ठ्याऐंशी सालचा डिसेंबर, कार्तिक अमावास्या, शुक्रवार. संध्याकाळी तो छोटी होडी घेऊन एकटाच खाडीतल्या बेटावर निघाला. बेट कसलं, चार तिवरं आणि वाळूचा उंचवटा. जाळं लावायचं, रात्र तिथंच काढायची, पहाटेच्या ओहोटीला मासळी उचलून परत यायचं.

तिथली एक रीत होती. मुक्कामाला जितकी माणसं, तितकी वल्ही काठावरच्या चिखलात उभी रोवायची. उधाणात कुणी अडकलं, तर शोधायला येणाऱ्याला आकडा कळावा. लडकू आणि त्याची बायको शेवंता वीस वर्षं जोडीने जायची. म्हणजे दोन वल्ही. शेवंताला जाऊन वर्ष झालं होतं, पण हाताची सवय. त्याने दोन रोवली. चूल पेटवल्यावर ध्यानात आलं, पण दुसरं उपटायला जीव होईना. मीही उपटलं नसतं.

शेवंता गेली त्या रात्री हा याच बेटावर होता. निरोप पोचलाच नाही. तेवढ्या एका गोष्टीची माफी त्याला तिच्याकडे मागायची होती. आम्ही पुष्कळ समजावलं. आमच्या समजावण्याने काय होतंय?

रात्री एकला भरती पुरी चढली. चारी बाजूंनी पाणी. आणि पाठीमागे वाळूत ओली पावलं वाजली. कुणीतरी त्याच्या पाठीशी येऊन बसलं. ओल्या लुगड्याचा वास आला. वळलो तर ती जाईल, म्हणून लडकू वळला नाही.

"शेवंते... आलीस?"



मग तो बोलत सुटला. वर्षभराचं सगळं. रडला.

"तू हाका मारत व्हतीस म्हणं... मी हितं व्हतो गं. माफ केलंस का न्हाय?"

नुसतं पाणी वाजत होतं.

"येक शब्द बोल..."

...

अगदी कानाशी आवाज आला. बाईचा. म्हाताऱ्या बाईचा. अनोळखी.

"शेवंता कोन?"

चूल विझली. लडकू हलला नाही.

"दोन वल्ही दिसली... मानसं हायत वाटलं... लय वर्सं कोनी बोललं न्हाय माज्याशी..."

 

...

उजाडलं तेव्हा मागे कुणी नव्हतं. लडकू थेट माझ्या घरी आला. मला त्याची फार दया आली. त्याला कुणी शिवल्याचं आठवत नव्हतं. पण शर्टाच्या उजव्या खांद्यावर मिठाची पांढरी पाच बोटं उमटली होती, रडणाऱ्याच्या खांद्यावर आपण हात ठेवतो तशी. माझ्या बायकोने तो शर्ट तीनदा धुतला. वाळला की बोटं परत.