घाटावरची अकरावी बाई

एकोणऐंशी साली पवनीच्या महिला मंडळानं वाचनालयासाठी मोठा पडदा भरायला घेतला. कोऱ्या मांजरपाटावर आमचं अख्खं गाव: किल्ल्याचा दरवाजा, टेकडीवरचा स्तूप, वैनगंगेचा घाट. नववीतल्या दोघींनाच बोलावणं आलं, मला आणि रुखमिणीला. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कोणाच्या बापाला भीत नव्हते. पण सुई धरली की माझा टाका बेडकासारखा उड्या मारायचा. रुखमिणीचा? मुंग्यांची रांग! बाया तिच्याभोवती बसायच्या, मला चहा आणायला पिटाळायच्या. जीव नुसता जळायचा.

घाटावर प्रत्येकीनं आपली एक बाई भरायची होती. भरून झाली की तिला कुंकू लावायचं आणि ‘जेवाले ये वो माय’ म्हणायचं. शिवण शिकवणाऱ्या शकुनबाईंचा हा रिवाज. आपल्या हातानं घडवलेलीला उपाशी ठेवू नये, म्हणायच्या.

आम्ही अकरा जणी. दहा बाया भरून झाल्या. माझी जागा तेवढी रिकामी. उसवून उसवून तिथलं कापड विरलं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मंडळाच्या खोलीत गेले, तर त्या जागी एक बाई उभी. पाठमोरी, हिरवं लुगडं, काखेत घागर. कोशाच्या रेशमी धाग्यात इतकं बारीक काम, की रुखमिणीचं त्यापुढं गोणपाट वाटावं.

"कोनाची हाये वो हे?" शकुनबाईंनी चष्मा पुसत विचारलं.

कोणाचीच नव्हती. रुखमिणीचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मला काय गोड लागला!

"माझी," मी म्हणाले.

"तुही?" रुखमिणी फिसकन हसली. "काल तं तुले गाठ मारता येत नोहती."

"आज येते. तुले काहून खुपते?"

शकुनबाईंनी कुंकवाची डबी पुढं केली. बाई पाठमोरी, म्हणून मी भांगात कुंकू भरलं. "जेवाले ये वो माय." बोटाला कापड ओलं लागलं.

त्या दिवसापासून मधोमध मी, आणि चहा रुखमिणी आणायची.

बुधवारी बाईचा कान दिसू लागला. कानात बुगडी.

गुरुवारी गाल.

"चंद्रकांता," रुखमिणी हळूच म्हणाली, "तू रोज उसवून भरून राहिली का?"

"हो."

"खोलीच्या कुलुपाची किल्ली तं शकुनबाईंपाशी असते."

मी सुईत धागा ओवत बसले. ओवला गेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात पडद्याचं उद्घाटन होतं. पाहुण्यांनी दोरी ओढली. "चंद्रकांताची बाई कोणती?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

मी बोट दाखवलं. तिथं नुसती सुईची भोकं होती.

रुखमिणी हसली नाही. तिनं माझा हात घट्ट धरला.

मी तो सोडवून घरी पळाले.

स्वयंपाकघरात आई चुलीपाशी बसली होती. "तुही सोबतीण केव्हाची आली," ती म्हणाली. "माह्या पातळाचा पदर शिवून देल्ला. टाका दिसत नाही, पाह्य! नाही तं तू."

तिच्यासमोर पाट मांडलेला. पाटावर कोणी नव्हतं.

मला तिनं बस म्हटलं नाही.

"पोट भरलं का वो बाई?" आईनं पाटाकडे बघत विचारलं. थोडा वेळ ऐकत राहिली. मग ताटात आणखी भात वाढला.